'मोर बेटर' चूक आहे, पण कोणत्या मोजपट्टीने?

इंग्रजीत पीएच.डी. करायचं ठरवलं की एक विषय हमखास सुचतो: मराठी माध्यमाच्या मुलांच्या इंग्रजीतल्या चुका. शाळा ओळखीची असते, परवानगी मिळते, चाचणी घेणं अवघड नसतं. त्यातही 'डिग्री'चा धडा फारच सोयीचा. 'चेंज द डिग्री'ची वाक्यं दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी सोडवली आहेत. नियम पाठ, उत्तरं ठरलेली, तपासायला वेळ लागत नाही.

आज अशाच एका आराखड्याची चिकित्सा करू. तो कुठल्या एका प्रबंधातून उचललेला नाही. या जातीच्या अभ्यासाचा साधारण साचा म्हणून इथे मांडला आहे. आठवी-नववीच्या मुलांना चाळीस विशेषणं द्यायची आणि प्रत्येकाचं तरभावाचं रूप, म्हणजे कम्पॅरेटिव्ह, लिहायला सांगायचं. पाठ्यपुस्तकातल्या नियमाने उत्तरं तपासायची. चुकांची टक्केवारी काढायची आणि त्यांचे गट पाडायचे: प्रत्यय चुकला, 'मोर' नको तिथे आलं, दोन्ही एकदम आले. निष्कर्ष: मातृभाषेच्या प्रभावामुळे चुका होतात. उपाय: अधिक सराव.

कागदावर हे नीटनेटकं दिसतं. मार्गदर्शकही बहुधा 'चालेल' म्हणतील. पण हा आराखडा चार ठिकाणी गळतो. ती चारही ठिकाणं बघून घ्या, कारण विषय कोणताही घेतलात तरी ही गळती तुम्हाला भेटणार आहे. (इंग्रजी शब्द इथे देवनागरीतच लिहिले आहेत. मोठ्याने वाचा, लगेच ओळखू येतील. '-अर' म्हणजे 'टॉलर'च्या शेवटी येतो तो प्रत्यय.)

पहिली गळती: मोजपट्टीच वाकडी

शाळेतला नियम आपल्याला माहीत आहे. एक सिलॅबल असेल तर '-अर' लावा. तीन किंवा जास्त असतील तर 'मोर'. दोन असतील तर काहींना हे, काहींना ते, पाठ करा. आता हाच नियम थोडा ताणून बघू.

'टॉल–टॉलर', 'बिग–बिगर' ठीक. पण 'बोर्ड', म्हणजे कंटाळलेला? सिलॅबल एकच, तरी 'मोर बोर्ड'च म्हणतात. का? शब्द क्रियापदापासून आला आहे, आणि अशा शब्दांना '-अर' सहसा चिकटत नाही. म्हणजे सिलॅबल मोजून भागलं नाही, शब्द कुठून आला हेही बघावं लागलं.

आता 'अनहॅपी' घ्या. सिलॅबल तीन, तरी 'अनहॅपिअर' चालतं. इथे तर गंमतच आहे. उच्चाराच्या हिशोबाने '-अर' हा 'हॅपी'ला लागलेला दिसतो आणि 'अन' बाहेरून येतो. अर्थाच्या हिशोबाने मात्र आधी 'अनहॅपी' तयार व्हायला हवा आणि मग '-अर', कारण आपल्याला 'अधिक दुःखी' म्हणायचं आहे, 'अधिक सुखी नसलेला' असं नाही. ध्वनी एक कंस घालतो आणि अर्थ दुसरा. भाषाविज्ञानात या कोड्यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. शाळेच्या नियमात ते दिसतही नाही.

दोन सिलॅबलच्या शब्दांत 'हॅपी', 'इझी' यांना '-अर' लागतो. 'केअरफुल', 'फेमस', 'बोअरिंग' यांना 'मोर' लागतं. 'क्लेव्हर', 'सिंपल', 'क्वाएट', 'पोलाइट' यांना दोन्ही चालतात. मग एखाद्या मुलीने 'मोर क्लेव्हर' लिहिलं आणि उत्तरपत्रिकेच्या किल्लीत 'क्लेव्हरर' असेल, तर तिचा गुण कापायचा का? कापलात तर तुमच्या टक्केवारीत एक 'चूक' जमा झाली, जी चूक नव्हतीच.

शिवाय तोच शब्द वाक्य बदललं की वेगळं वागतो. 'लेझी'चं रूप 'लेझिअर'. पण एखादा मुलगा मठ्ठ नसून आळशी आहे असं म्हणायचं असेल, तर इंग्रजीत 'मोर लेझी दॅन स्टुपिड' म्हणावं लागतं. तिथे 'लेझिअर' बसत नाही. एकाच व्यक्तीच्या दोन गुणांची तुलना असेल तर '-अर' वापरत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरी असलेल्या रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातही आहे. आपण ते वाचून पुढे गेलेलो असतो, इतकंच.

ब्रिटा मोनडॉर्फ यांनी याच दिशेने बरंच काम केलं. त्यांचं या विषयावरचं पुस्तक २००९ सालचं. त्यांचा मुद्दा साधारण असा: विशेषणाच्या आसपासची रचना गुंतागुंतीची असेल, उदाहरणार्थ त्याच्यामागे 'ऑफ' किंवा 'टू' घेऊन लांब शेपूट येणार असेल, तर बोलणारे 'मोर'कडे जास्त झुकतात. 'मोर' आधी आलं की तुलना येतेय हे ऐकणाऱ्याला लवकर कळतं आणि पुढचं पचवणं सोपं जातं. मार्टिन हिल्पर्ट यांनी २००८ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे सुमारे १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश इंग्रजीच्या संग्रहावर, ध्वनी, वाक्यरचना आणि वापराचं प्रमाण हे घटक एकत्र ठेवून बघितले.

या अभ्यासांतला प्रश्न कसा विचारला जातो तिकडे लक्ष द्या. 'बरोबर कोणतं?' हा प्रश्न तिथे नाही. 'कोणत्या परिस्थितीत कोणत्या रूपाची शक्यता किती?' हा आहे. आपला आराखडा मात्र चाळीस सुटे शब्द देतो, वाक्य देतच नाही. म्हणजे ज्या परिस्थितीवर निवड अवलंबून असते, तीच आपण पहिल्या पानावर पुसून टाकली.

दुसरी गळती: चुकीला वय नसतं असं मानणं

आता 'मोर बेटर'कडे येऊ. आजच्या प्रमाण लेखी इंग्रजीत हे चालत नाही. मुलांना ते सांगायलाच हवं, त्याबद्दल वाद नको. पण सांगणं हे शिक्षकाचं काम झालं. ते रूप का येतं हे शोधणं संशोधकाचं. आणि त्यासाठी त्या रूपाचं वय माहीत हवं.

जुन्या इंग्रजीत तरभाव मुख्यतः प्रत्ययाने होत असे. 'मोर'ची पद्धत मध्ययुगीन इंग्रजीत पसरली, आणि मग दोन्ही शेजारी शेजारी नांदल्या. कधी कधी एकाच शब्दावर दोन्ही बसल्या. शेक्सपिअरच्या काळात अशी दुहेरी रूपं सर्रास लिहिली जात. 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या गाजलेल्या भाषणात 'मोस्ट' आणि '-एस्ट' एकाच विशेषणावर आले आहेत, आणि तिथे अँटनी अडाण्यासारखा बोलत नाहीये.

१७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात अशा दुहेरी रूपांना अयोग्य ठरवलं. मजा म्हणजे त्यांनी एक सवलत ठेवली. स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात देवासाठी 'मोस्ट हाएस्ट' असा प्रयोग होता, तो त्यांना शोभून दिसला. म्हणजे नियम घालणाऱ्याच्या हातातही मोजपट्ट्या दोन होत्या.

आणि काही दुहेरी रूपं तर आपण रोज वापरतो. 'लेस' हाच मुळात तरभाव. त्याला वर '-अर' लावून 'लेसर' झालं, आज त्यावर कुणी लाल शाई वापरत नाही. 'निअर'चं तर विचारूच नका. 'नाय' म्हणजे जवळ, आणि 'निअर' म्हणजे 'अधिक जवळ', असा तो जुना तरभाव. लोक ते विसरले, 'निअर' साधं विशेषण झालं, आणि मग त्याला पुन्हा '-अर' लागून 'निअरर' तयार झालं. इतिहासाच्या हिशोबाने हे 'मोर बेटर'चंच भावंडं. फरक इतकाच की ते पाठ्यपुस्तकात पोचलं.

हे परकं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. 'श्रेष्ठ' आणि 'ज्येष्ठ' ही संस्कृतात तमभावाची रूपं, म्हणजे 'सर्वांत चांगला' आणि 'सर्वांत मोठा'. मराठीत आपण 'अधिक श्रेष्ठ', 'सर्वश्रेष्ठ', 'सर्वांत ज्येष्ठ सदस्य' असं बेधडक म्हणतो, कारण त्या शब्दातली तुलना आपल्याला ऐकू येत नाही. खूण झिजली की बोलणारे नवी खूण लावतात. 'बेटर' ऐकणाऱ्या मुलाला त्यात तुलना ऐकू येत नसेल, तो त्याला 'चांगलं' असा अख्खा शब्द म्हणूनच ओळखत असेल, तर 'मोर बेटर' हे हलगर्जीपणाचं लक्षण राहत नाही. ते एक तर्कशुद्ध पाऊल ठरतं. असंच असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या चाचणीत हे तपासायची सोय हवी, आणि या आराखड्यात ती नाही.

तिसरी गळती: मातृभाषेवर खापर

'मातृभाषेचा प्रभाव' हा निष्कर्ष आपल्याकडे इतका सरावाचा झालाय की तो न तपासताच लिहिला जातो. जरा तपासू या.

'समीर माझ्यापेक्षा उंच आहे.' या वाक्यात 'उंच' जसाच्या तसा आहे. तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'वर. 'जास्त उंच' म्हणता येतं, पण म्हणायलाच हवं असं नाही. मग मराठीच जर मुलांच्या इंग्रजीला ढकलत असेल, तर कोणती चूक अपेक्षित आहे? पहिली: 'समीर इज टॉल दॅन मी', म्हणजे विशेषण कोरंच. दुसरी: 'मोर टॉल', कारण 'जास्त' हा सुटा शब्द विशेषणाआधी येतो. 'मोर टॉलर' मात्र मराठीतून सरळ निघत नाही. मराठीत रोजच्या विशेषणाला तरभावाचा प्रत्ययच लागत नाही. 'उच्चतर', 'लघुतम' हे संस्कृतातून आलेले ठेवणीतले शब्द. 'उंचतर' कुणी म्हणत नाही. मग दोन खुणा एकदम कुठून आल्या? कदाचित दोन्ही नियम शिकवले गेले आणि कधी कोणता हे पक्कं झालं नाही म्हणून. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली लहान मुलंही 'मोर बेटर' आणि 'गुडर' म्हणतात. त्यांच्यावर मराठीचा प्रभाव नक्कीच नाही!

म्हणजे तीन प्रकारच्या चुकांची कारणं तीन असू शकतात. त्या एका टक्केवारीत कोंबल्या की जे शोधायला निघालात तेच हरवलं.

दुसरी गोष्ट. आराखड्यात 'मराठी माध्यम' आणि 'मराठी मातृभाषा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात. मराठी माध्यमाच्या वर्गात घरी बंजारा, भिल्ली, गोंडी, हिंदी बोलणारी मुलं बसतात. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं बसतात. कारण भाषा आहे की शिकवण्याची पद्धत, हे वेगळं काढायचं तर हे गट वेगळे करावे लागतील. आणि तुलनेसाठी हिंदी भाषक मुलं घेतलीत तर फारसं हाती लागणार नाही, कारण हिंदीतही 'वह मुझसे लंबा है' म्हणताना विशेषण कोरंच राहतं. प्रभाव सिद्ध करायचा तर दुसरा गट अशा भाषेचा हवा जिथे तरभावाला प्रत्यय आहे. फारसीत आहे, जर्मनमध्ये आहे. असा गट मिळणं अवघड आहे, मान्य. मग निष्कर्ष तेवढा आखडता घ्या.

चौथी गळती: बरोबर उत्तरांवर विश्वास

ही सगळ्यांत कमी दिसणारी. समजा, एक मुलगी प्रत्येक शब्दाला 'मोर' लावते: 'मोर बिग', 'मोर गुड', 'मोर ब्यूटिफुल'. वीसपैकी दहा शब्द लांब असतील तर तिला दहा गुण मिळतील. आणि तुम्ही लिहाल: 'विद्यार्थ्यांना लांब शब्दांचा नियम समजला आहे, आखूड शब्दांचा नाही.' हे खोटं आहे. तिला सिलॅबलचा कुठलाच नियम माहीत नाही. तिच्याकडे तिचा स्वतःचा एकच नियम आहे, आणि तो ती अगदी इमानदारीने पाळते आहे. तिची दहा 'बरोबर' उत्तरं आणि दहा 'चूक' उत्तरं एकाच यंत्रातून निघाली आहेत.

पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका हा पुरावा असतो, कचरा नसतो. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या त्या मधल्या भाषेला 'इंटरलँग्वेज' हे नाव रूढ केलं. आणि १९८३ मध्ये रॉबर्ट ब्ले-व्रोमन यांनी इशारा दिला: शिकणाऱ्याची भाषा ही स्वतंत्र व्यवस्था आहे असं म्हणायचं आणि तिचा अभ्यास मात्र लक्ष्यभाषेच्या चौकटीत 'बरोबर-चूक' करत करायचा, हा दोष आहे. या दोषाचं नाव 'कम्पॅरेटिव्ह फॅलसी'. कम्पॅरेटिव्हवरच्या आपल्या आराखड्याला हे नाव इतकं चपखल बसावं हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

याला जोडून न झालेल्या चुकांकडेही बघा. जोनाथन बोबालिक यांनी २०१२ च्या पुस्तकात तीनशेहून अधिक भाषांतली तर-तम रूपं तपासली. 'गुड–बेटर–बेस्ट' मध्ये दोन्ही पायऱ्यांवर मूळ शब्द बदलतो. संस्कृतात पाणिनीने 'प्रशस्य'ला तर आणि तम दोन्ही ठिकाणी 'श्र' आदेश सांगितला, म्हणून 'श्रेयस्' आणि 'श्रेष्ठ'. पण 'गुड–बेटर–गुडेस्ट' असा, मधेच बदलून पुन्हा मूळपदावर येणारा नमुना मात्र भाषांमध्ये आढळत नाही. बोबालिक यांचं स्पष्टीकरण असं की तमभावाच्या पोटात तरभाव असतोच. त्यांचा दावा भाषांबद्दल आहे, आठवीच्या वह्यांबद्दल नाही. पण प्रश्न छान तयार होतो: मुलं 'गुडर' लिहितात, 'गुडेस्ट' लिहितात, एकच मूल 'बेटर' आणि 'गुडेस्ट' दोन्ही लिहितं का? वर्गाच्या टक्केवारीतून याचं उत्तर कधीच मिळणार नाही. मुलागणिक तक्ता केला तरच मिळेल.

मग आराखडा फेकून द्यायचा का?

मुळीच नाही. वर सांगितलेले कॉर्पस-अभ्यास मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या छापील आणि बोली मजकुरावर उभे आहेत. महाराष्ट्रातल्या वर्गात इंग्रजी शिकणारी मुलं त्या १० कोटी शब्दांत नाहीत. ती वही तुमच्या हातात आहे. ही या आराखड्याची खरी ताकद, आणि ती गमावू नका. दुरुस्ती मात्र करा.

एक, सुटे शब्द नकोत, वाक्यं द्या, आणि तोच शब्द दोन वेगळ्या रचनांत द्या. दोन, शब्दांचे आधीच तीन गट करा: '-अर'च, 'मोर'च, आणि दोन्ही. तिसऱ्या गटात गुण कापू नका, निवड नोंदवा. तीन, हे गट पाठ्यपुस्तकावरून न ठरवता कॉर्पसमध्ये बघून ठरवा. चार, प्रत्येक मुलाची स्वतंत्र ओळ ठेवा, आणि तमभावाची रूपंही विचारा. पाच, घरची भाषा आणि शाळेचं माध्यम हे दोन वेगळे रकाने करा. सहा, शीर्षकातला 'चुका' हा शब्द काढून 'रूपनिवड' लिहून बघा. पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतील.

हे एवढं का करायचं? कारण सारांशातलं एक वाक्य फार लांब जातं. 'मराठी माध्यमाचे विद्यार्थी तरभावाच्या रूपांत कच्चे आहेत' असं तुम्ही लिहिलंत, की ते पुढच्या प्रबंधात उद्धृत होतं, शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकवलं जातं, आणि फिरून त्याच वर्गात पोचतं. तिथे 'मोर क्लेव्हर' लिहिणारी मुलगी बसलेली असते.

सुरुवात छोटी करा. 'क्लेव्हर', 'क्वाएट', 'बोर्ड', 'लेझी', 'अनहॅपी' हे पाच शब्द वाक्यांत घाला, प्रत्येकाची दोन्ही रूपं लिहा, आणि इंग्रजीच्या तीन शिक्षकांकडून वेगवेगळी तपासून घ्या. जिथे तिघांचं एकमत होणार नाही ती वाक्यं बाजूला काढा. तुमचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होतं.